बोटांना कळायचं ते तेल

आमच्या इंजिनाला जाडं तेल लागायचं. लग्न होऊन मी सेनगावला आले, त्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्या मालकांनी मला हे सांगितलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पथ्य नव्या सुनेला समजावून द्यावं, तसा त्यांचा सूर होता.

इंजिन होतंच म्हातारं. हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते वीस-बावीस वर्षं राबलं होतं. हे त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. तिथं नवं इंजिन आलं तेव्हा जुनं भंगारात निघालं, आणि ह्यांनी ते मागून घेतलं. धाकट्या दिरांना बरोबर घेऊन दोन गाड्यांवर त्याचे भाग सेनगावला आणले, गावाच्या कडेला पत्र्याचं शेड घातलं, आणि पिठाची चक्की बसवली. तोवर तिथल्या बायका सगळं दळण जात्यावरच दळायच्या. मी हिंगोलीची. मराठी शाळेत चार बुकं शिकलेली. चक्कीवाल्याची बायको म्हणून गावात मला थोडा मान होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीपर्यंत येणारी मोठी चाकं होती. ती ज्या दांड्यावर फिरायची त्याला दोन बेरिंगांचा आधार, आणि बेरिंगच्या आत शिशासारखा मऊ धातू ओतलेला. वर काचेच्या दोन वाट्या. त्यांतून वंगणाचं तेल थेंबाथेंबानं खाली उतरायचं. चाक सुरू झालं की हे पहिल्यांदा त्या थेंबांकडे बघत उभे राहायचे.

“नव्या इंजिनात सांधे घट्ट असतेत,” ते मला म्हणाले होते. “तिथं पातळ तेल बराबर शिरतंय. हे आपलं म्हातारं. ह्याचे सांधे झिजलेत, फटी पडल्यात. पातळ तेल घातलं की एकीकडून शिरतंय अन् दुसरीकडून पळून जातंय. मग धातूला धातू घासतोय.”

“मग लई जाडं घालायचं,” मी म्हणाले.

“लई जाडं बी न्हाई. थेंबच पडत न्हाई मग. काजळी धरती, थंडीत चाक हलू देत न्हाई. जाडं म्हंजे किती जाडं, तेच तर कळाय पाहिजे.”

ते त्यांना कळायचं. तेलाचा एक थेंब अंगठ्यावर घ्यायचे, पहिल्या बोटानं चोळायचे, आणि डोळे बारीक करून अंगठा आणि बोट हळूहळू दूर न्यायचे. मधे तेलाची तार धरायची. ती किती लांब जाते, कुठं तुटते, आणि चोळताना बोटाला किती अडवते, यावरून ते तेल घ्यायचं की नाही ठरवायचे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं.

“काहून हसलीस?”

“हे तर लाडवाच्या पाकासारखं झालं. आमी बी अशीच तार बघतो.”

त्यांनी लगेच माझा हात ओढला आणि माझ्या अंगठ्यावर थेंब ठेवला. “सांग मग. एकतारी का दोनतारी?”

मी चोळून बघितलं. “एकतारीच्या पुढं. दोनतारीच्या जरा अलीकडं.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मोठ्यानं हसले आणि शेडच्या दारात जाऊन शेताकडे निघालेल्या दिरांना ओरडून सांगितलं, “अरे, तुझ्या वहिनीला तेल कळतंय!” माझ्या संसारातली जी दोन-चार वर्षं सुखाची गेली, त्यांतला हा दिवस. तेलाचा वास असलेला त्यांचा हात, लांब बोटं, नखांत कायम काळी रेघ. ती रेघ घासून काढण्यासाठी मी राख आणि लिंबू ठेवायची. ती कधी निघाली नाही.

मग लढाई सुरू झाली. लढाई फार दूर होती. पण मोहोरबंद डब्यांतलं तेल यायचं बंद झालं आणि ती आमच्या शेडपर्यंत येऊन पोचली. हिंगोलीच्या दुकानात सुटं तेल मिळायचं, उघड्या डब्यांत. त्यावर ना चिठ्ठी ना नाव. कुठून आलं, कशात काय मिसळलं, दुकानदारालाही माहीत नसायचं. बाकीचे इंजिनवाले कुरकुरायचे. ह्यांना फिकीर नव्हती. “चिठ्ठी कशाला पाहिजे? चिठ्ठी माझ्या अंगठ्यात हाय,” असं म्हणायचे.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. रांगायला लागली तशी ती इंजिनाच्या आवाजाशिवाय झोपायची नाही. दुपारी दळण ओसरलं की इंजिन चालू ठेवून हे शेडबाहेरच्या बाजेवर पडायचे आणि ती त्यांच्या छातीवर पालथी झोपायची. त्यांच्या पाठीवर आणि कोपराजवळ फिकट डाग उठले होते. मी शिबं समजले आणि गंधक लावलं. डाग गेले नाहीत. पण खाज नव्हती, दुखत नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनीही ते सोडून दिलं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, हे मला फार नंतर समजलं.

एका उन्हाळ्यात ते हिंगोलीहून तेलाचा डबा घेऊन आले. मी वाटी भरायला डबा वाकवला आणि तेल भसकन आलं. अर्धं जमिनीवर सांडलं.

“अहो, हे पातळ वाटून राहिलं.”

“उन्हानं पातळ झालंय.”

मी बोटावर घेतलं. तार धरायच्या आधीच तुटत होती. “न्हाई हो. एकतारी बी न्हाई हे.”

ते कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. “तू मला तेल शिकवतीस? मी घेताना बघितलं न्हाई काय?” डबा माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः वाट्या भरल्या. नवऱ्याला त्याच्या धंद्यातलं किती सांगायचं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दळणाची रांग लागली होती. वाट्यांतून तेल थेंबानं नाही, धारेनं उतरत होतं आणि बेरिंगच्या कडेनं खाली गळत होतं. हे दर थोड्या वेळानं वाट्या भरत होते, आणि मधूनमधून बेरिंगच्या डोक्यावर तळहात टेकवून बघत होते. इंजिनवाले असंच बघतात. हात ठेवून आकडे मोजायचे, दहापर्यंत हात टिकला तर बेरिंग ठीक, नाही टिकला तर इंजिन बंद करायचं. मी चक्कीच्या तोंडाशी धान्य सोडत बसले होते. एकदम मला वास आला. आधी तेल जळाल्याचा. मग दुसरा. तो वास कसला, हे कळायला मला दोन श्वास लागले.

मी वळून पाहिलं. ह्यांचा तळहात बेरिंगवर होता. बेरिंगमधून निळा धूर निघत होता. ते शांतपणे उभे होते आणि ओठ हलवत मोजत होते.

“अहो! हात! हात जळून राहिला नं तुमचा!”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कुणा दुसऱ्याबद्दल बोलते आहे. मी धावत जाऊन त्यांचं मनगट ओढलं. तळहाताची कातडी बेरिंगला चिकटून राहिली. तेवढ्यात आतला मऊ धातू वितळून खाली ठिबकायला लागला, दांडा करकरला, आणि चाकं अडखळत थांबली. रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या. ह्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. ते हात उलटा करून बघत होते, बाजारात कुणाची तरी विसरलेली वस्तू बघावी तसे.

दुपारी मी हाताला तूप आणि हळद लावत होते.

“दुखतंय का?”

ते म्हणाले, “मला तेल कळून न्हाई राहिलं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असंल. आधी करंगळी. मग अंगठा. आता सगळीच तेलं सारखी लागतेत. पाण्यासारखी. दुकानात मी चोळल्यासारखं करतो, तार काढल्यासारखं करतो, अन् दुकानदार म्हणंल ते घेतो.” आणि मग लहान पोरासारखे म्हणाले, “तुला सांगायची लाज वाटली.”

मी त्यांना काय बोलले ते आठवत नाही. पोरगी झोपेतून उठून आली आणि त्यांच्या मांडीवर चढली, एवढं आठवतं.

बेरिंगचा धातू पुन्हा ओतून, तासून बसवायला पंधरा दिवस लागले. ते बसून सांगायचे, काम दीर करायचे. पुढची तेलखरेदी मी केली. मोटारीनं आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. दुकानदार म्हातारा मुसलमान होता. मी डोक्यावरचा पदर सावरून डब्यात बोट घातलं तेव्हा तो हसला. “बाई कू तेल की पहचान है?” एकेक डबा उघडून मी पाचव्या डब्याशी थांबले. चोळलं, तार काढली. एकतारीच्या पुढं, दोनतारीच्या अलीकडं. हे माझ्यामागं उभे होते, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून.

“हे,” मी म्हणाले.

दुकानदारानं स्वतःचं बोट त्या डब्यात बुडवलं आणि हसायचा थांबला. “इनकू लेके आया करो, मिस्त्री,” तो ह्यांना म्हणाला. परत येताना मोटारीत हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, खुश असतील. बघितलं तर डोळे पुसत होते.

तळहाताची जखम भरत नव्हती. पाऊसकाळ सरला तरी ओलीच होती. शेवटी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाठीवरचे डाग पाहिले, कानाच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या, आणि मग त्यांना खुर्चीवर बसवलं.

“डोळे मिटा. टोचलं की बोट वर करा.”

डॉक्टरांनी सुई कोपराजवळच्या डागावर टोचली. ह्यांचं बोट हललं नाही. मनगटावर टोचली. हललं नाही. अंगठ्यावर टोचली; रक्ताचा बारीक थेंब वर आला आणि तरीही ते डोळे मिटून, नीट लक्ष देऊन, टोचण्याची वाट बघत बसले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, आता, आता वर करा. मी पदर तोंडात धरला.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खाजगीत, हळू आवाजात सांगितलं. महारोग. आमच्याकडं त्याला रक्तपिती म्हणतात. कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शनं असतात, ती बरीच वर्षं घ्यावी लागतात, काहींना गुण येतो. नांदेडच्या पलीकडे, तेलंगी मुलखात, या रोगाचा मोठा दवाखाना आहे, तिथं राहता येतं. आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “लेकराला यांच्यापासून दूर ठेवा. आजपासून.”

त्या दिवशी मुलगी हिंगोलीत माझ्या आईकडं होती. तिला घ्यायला आम्ही गेलो नाही. तिला तिथंच ठेवून आम्ही दोघंच सेनगावला परतलो. ती अडीच वर्षांची होती.

गावाला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. कदाचित कुणी सांगितलंच नसेल. जळणारा हात बेरिंगवर ठेवून मोजत उभा असलेला माणूस भरल्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांनीच पाहिला होता. दळणाची रांग लहान झाली, मग रांग राहिलीच नाही. एका पहाटे मला जाग आली तर गावातून जात्यांची घरघर ऐकू येत होती. पाच-सहा वर्षं बंद असलेला आवाज. हेही जागे होते.

“ऐकून राहिलीस?” ते म्हणाले. “माझ्यामुळं बाया पुन्हा जात्यावर बसल्या.”

दीर एके दिवशी आले आणि अंगणातच उभे राहिले. एरवी सरळ चुलीपर्यंत येणारा माणूस. काही बोलायला आले होते. पण तोंड उघडायच्या आधीच रडायला लागले. ह्यांनीच त्यांना सोडवलं.

“रडू नको. मी ठरवलंय. मी जाणार हाय त्या दवाखान्यात. मी इथं असलो तर दळण येणार न्हाई. मी गेलो तर येईल. चक्की तुझी वहिनी चालवंल.”

“वहिनी? दादा, बाईमाणूस इंजिन कसं चालवंल?”

“तेल कळतंय तिला,” हे म्हणाले. “बाकीचं शिकता येतंय.”

तीन आठवडे त्यांनी मला शिकवलं. स्वतः कशालाही हात लावायचे नाहीत. शेडच्या दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे उभे राहायचे, दोन्ही हात काखेत घालून, आणि तिथून सांगायचे. इंजिनाचं डोकं किती तापवायचं, कुरुड तेलाची, म्हणजे इंजिन ज्यावर चालायचं त्या तेलाची, चावी किती उघडायची, पट्टा कधी चढवायचा. चाक फिरवायला जोर लागायचा. ते काम दीर शेतावर जाण्याआधी येऊन करायचे. चाकानं वेग धरला की मी वाट्यांकडे बघायची आणि थेंब मोजायची.

“थंडीत डबा उन्हात ठिव,” ते सांगायचे. “उन्हाळ्यात जरा जास्ती जाडं घी. अन् दरसाल आणखी थोडं जाडं लागंल. ते झिजत जाणार. त्याच्या वयाबराबर तेल बदलाय पाहिजे.”

“तुमी बरे होऊन येचाल की तोवर,” मी म्हणायची.

“व्हय,” ते म्हणायचे.

हिंगोलीच्या स्टेशनावर आई मुलीला घेऊन आली होती. तसं ठरलं होतं. आई तिला कडेवर घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. हे गाडीच्या डब्याजवळ. मधे निम्मा फलाट. पोरीनं त्यांना ओळखलं आणि आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडू लागली. आईनं तिला आवळून धरलं. तिचं रडणं फलाटभर ऐकू येत होतं. हे दोन पावलं पुढं गेले, थांबले, आणि वळून डब्यात चढले. खिडकीशी आले नाहीत. गाडी निघाली तेव्हा मी खिडकीखालून चालत गेले. आत ते बाकावर बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. “थेंब बघत जा,” असं काहीतरी म्हणाले. गाडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

घरी येऊन मी इंजिन सुरू केलं. पहिले आठ दिवस कुणी आलं नाही. तरी मी रोज सकाळी थोडा वेळ ते चालवायची, गावाला आवाज जावा म्हणून. नवव्या दिवशी तांड्यावरची एक बाई डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

“चालू हाय का चक्की?”

“हाय. पण गावातलं कुणी येत न्हाई, बाई,” मी म्हणाले. तिला फसवावंसं वाटेना.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. “गाव तर आमच्या तांड्यावर बी येत न्हाई. तू दळ.”

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी तिघी आल्या. महिन्याभरात गावही आलं. ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. ते गेले आणि दळण आलं. रांगेतल्या बायका माझ्याशी गोड बोलायच्या, आणि मी त्यांचं पीठ भरून देताना मनात म्हणायची, ह्या पिठापायी माझा माणूस गेला. तसं म्हणणं बरोबर नव्हतं. पण म्हणायची.

त्यांची कार्डं यायची, निजामाच्या टपालाची. पहिलं वर्षभर त्यांच्या अक्षरात, मग वाकड्या अक्षरात, मग दुसऱ्याच कुणाच्या तरी. दर कार्डात आधी पोरीबद्दल, मग इंजिनाबद्दल. एकदा सुटं तेलही मिळेना झालं. लोक इंजिनांत एरंडेल घालायला लागले. आपल्याकडं एरंडी पिकते, तेल जाडं, चिकट. बोटाला अगदी दोनतारी लागतं. दीर म्हणाले, घालून टाकू. मी एका वाटीत जुनं तेल आणि एरंडेल मिसळून ठेवलं. सकाळी बघितलं तर दोन्ही वेगवेगळी झाली होती, वर एक, खाली एक. मी एरंडेल घातलं नाही. पंधरा दिवस चक्की बंद ठेवली, पण घातलं नाही. तसं त्यांना कळवलं. उत्तर आलं: ‘बराबर केलंस. त्यानं चिकटा धरून नळी बंद झाली असती. मी असतो तर कदाचित घातलं असतं.’ ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल.

मी दोनदा भेटायला गेले. तिसऱ्यांदा त्यांनीच येऊ नको म्हणून कळवलं. तोंडावर रोग आला होता, हे मला त्यांनी लिहिलं नाही, मी ओळखलं. पोरीला कधीच नेलं नाही. ती माझ्या आईकडं वाढत होती. हिंगोलीच्या दर बाजाराला जाऊन मी तिला भेटायची.

लढाई संपली. पुढं इंग्रज गेले. आमच्याकडं मात्र निजामाचंच राज्य होतं आणि दिवस वाईट आले. गावंच्या गावं सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडात जाऊ लागली. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात कुरुड तेल येईना, दळायला माणसं उरेनात. इंजिन बंद पडलं. आई पोरीला घेऊन वाशीमला नातलगांकडं गेली. मी सेनगावातच राहिले. मला भीती वाटत होती, की मी गेले आणि कार्ड आलं तर? पण कार्डंही बंद झाली. वैशाखानंतर एकही आलं नाही. टपालच बंद आहे, लोक म्हणायचे. मी तेच धरून बसले.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. आगगाड्या सुरळीत झाल्यावर मी पहिल्या गाडीनं निघाले. भाकरी, तिळाची चटणी आणि त्यांना आवडायचे म्हणून रव्याचे लाडू घेतले होते.

दवाखान्याच्या दारातल्या माणसानं मी नाव सांगितल्यावर वहीत पाहिलं नाही. त्याला आठवत होतं. त्यानं मला बाकावर बसवलं आणि आतून एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं. तोही तिथलाच रोगी. एका हाताची बोटं गेलेली, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि एक बोट शाबूत. मराठी येत नव्हतं.

“आषाढ में गए, अम्मा,” तो म्हणाला. “बुखार आया. चार दिन. खत लिखे थे, डाक बंद थी.”

मी लाडवांचं फडकं मांडीवर धरून बसले होते. तो बोलत राहिला. दवाखान्याच्या विहिरीवर पाण्याचं इंजिन होतं. हे आल्यापासून तेच बघायचे. “नया इंजन है, पतला तेल लगता. उनो आंख से देखते थे, मैं उंगली से,” आणि त्यानं आपली दोन बोटं मला चोळून दाखवली. “बोलते थे, मेरे घर का इंजन जाड़ा तेल पीता. उसकू मेरी औरत पिलाती.”

तेव्हा मी रडले.

विहिरीच्या मागं जिथं त्यांना जाळलं होतं ती जागा त्यानं दाखवली. तिथं काही नव्हतं. पावसानं सगळं वाहून नेलं होतं आणि गुडघाभर गवत वाढलं होतं. न पाठवलेली दोन कार्डं त्यानं मला दिली. दोन्ही ह्यांनीच कुणाकडून तरी लिहवून घेतली होती. एकात पोरीला शाळेत घातलं का, म्हणून विचारलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं: ‘आता ते आणखी झिजलं असेल. ह्या उन्हाळ्यात पुरं दोनतारी घे. भिऊ नको, पेलंल त्याला.’ त्या उन्हाळ्यात इंजिन बंदच होतं. आणि ते, मी तेल घेऊन शेडमध्ये उभी आहे असं समजून, मला सांगत होते.

लाडू मी त्या म्हाताऱ्याला दिले. त्यानं घ्यायला ओंजळ पुढं केली नाही, फडकं जमिनीवर ठेवा म्हणाला. मी त्याच्या हातातच दिले.

आई तोवर वाशीमहून हिंगोलीला परतली होती. मुलगी आठ वर्षांची झाली होती. मी तिला बाजूला घेऊन बसवलं आणि सांगितलं. ती रडली नाही. तिला ते आठवतच नव्हते, फलाटही नाही. फोटो तर आम्ही कधी काढलाच नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मी त्यांना कधी शिवले होते का?”

“शिवलीस म्हंजे? त्यांच्या छातीवर झोपायचीस तू. रोज.”

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग मला बी होईल का?”

“न्हाई,” मी म्हणाले. मला ते माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर चक्की पुन्हा सुरू केली, पुरं दोनतारी तेल घालून. इंजिनानं ते पेललं, आणखी सात वर्षं. मुलीला मी सेनगावला आणलं. तिला न्हाऊ घालताना मी तिची पाठ बघायची, कोपर बघायची, कानाच्या पाळ्या चिमटीत धरून बघायची. ती मोठी झाली, स्वतः न्हायला लागली, तरी काही ना काही निमित्त काढून तिच्या पाठीला तेल लावायला बसायची आणि बोटांनी सगळी पाठ चाचपायची. काही निघालं नाही. तिचं लग्न झालं, लेकरं झाली, सगळी निरोगी. मी काय शोधते आहे, हे तिनं मला कधी विचारलं नाही. मी हात पुढं केला की गुमान पाठ करून बसायची, आणि माझं चाचपून होईपर्यंत हलायची नाही.